हृदय किती रक्त ढकलणार, हे ठरवतं कोण? (रक्ताभिसरण, बीपीचा आकडा, पायावरची सूज)

टूडीइको

बीपीच्या जुन्या धाग्यावर तीन गोष्टी सगळ्यांनी धरूनच चालल्या होत्या. हृदय हा पंप आहे. तो जोरात चालला की रक्त जास्त फिरतं. आणि बीपी म्हणजे त्या पंपाचा जोर. पहिली बरोबर, दुसरी अर्धवट, तिसरी चूक. तिथे लिहिलं असतं तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकडे. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला साधारण ०.३ सेकंद जवनिका (हृदयाचे खालचे दोन कप्पे) आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद सैल राहून भरतात. भरलेल्या डाव्या जवनिकेत सुमारे १२० मिली रक्त असतं. त्यातलं ७० मिली महाधमनीत जातं, ५० मिली आतच राहतं. ७० गुणिले ७५ म्हणजे मिनिटाला सव्वापाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास, म्हणजे स्वस्थ बसलेलं असतानाही मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी होते.

इथेच एक भीती काढून टाकू. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ईएफ ६०%’ (भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा वाटा) वाचून ‘चाळीस टक्के हृदय गेलं’ असं समजणारे पुष्कळ आहेत. वरचाच हिशोब करा: १२० पैकी ७० म्हणजे ५८ टक्के. हे निरोगी हृदय आहे. शंभर टक्के ईएफ कुणाचाच नसतो. ५५ ते ७० च्या दरम्यान असेल तर त्या रकान्याकडे पुन्हा बघू नका.

आता मुद्दा. डाव्या आणि उजव्या बाजूला दोन वेगळे पंप आहेत आणि ते एकामागोमाग जोडलेले आहेत. उजवा फुफ्फुसात रक्त पाठवतो, कमाल दाब २५ मिमी पारा. डावा उरलेल्या सगळ्या शरीरात पाठवतो, दाब १२०. समजा, उजव्याने प्रत्येक ठोक्याला फक्त १ मिली जास्त ढकललं. ७५ ठोक्यांना ७५ मिली, दहा मिनिटांत पाऊण लिटर रक्त फुफ्फुसात साचलं. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत एरवी एकूण अर्धा लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे माणूस तासाभराच्या आत गुदमरायला हवा. तसं होत नाही, आणि दोन्ही बाजूंची बरोबरी करायला मेंदूतून कुणी लक्षही ठेवत नाही. हृदयाच्या स्नायूचा गुणच असा आहे की तो भरताना जितका ताणला जातो तितका पुढच्या ठोक्याला जोरात आकुंचन पावतो. डावीकडे जास्त रक्त आलं की डावी जवनिका आपोआप जास्त बाहेर टाकते. याला फ्रँक-स्टार्लिंग यंत्रणा म्हणतात.

याचा सरळ अर्थ: निरोगी हृदय जेवढं परत येईल तेवढं पुढे ढकलतं. किती परत येणार, हे हृदयाबाहेर ठरतं. शिरा किती आवळलेल्या आहेत, अंगात पाणी किती आहे, पोटऱ्या चालतायत का आणि प्रत्येक अवयवाने आपल्या दारातल्या धमनिका किती उघडल्या आहेत, यावर.

धमनिका म्हणजे केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक, स्नायूंचं अस्तर असलेल्या नळ्या. खरे नळ तेच. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे त्रिज्या १० टक्के वाढली तर त्याच दाबाला प्रवाह ४६ टक्क्यांनी वाढतो. निम्मी झाली तर सोळावा हिस्सा उरतो. इतक्या तिखट नियमामुळे अवयवाला नुसतं थोडं सैल-घट्ट करून भागतं.

बीपी म्हणजे प्रवाह आणि हा अडथळा यांचा गुणाकार. म्हणून १२०/८० हा आकडा एकटा काही सांगत नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या तरुणाचं बीपी बराच वेळ ११०/८० राहू शकतं, कारण कातडीच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या वाटा आवळून शरीर ते टिकवून धरतं. हातपाय गार, लघवी कमी, नाडी १२०. तिथे ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त राहणं महागात पडतं.

---

रानवारा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. व्यायामात नाडी वाढते आणि प्रवाहही वाढतो, हे तर खरं ना? मग ‘जोरात चालला की जास्त फिरतं’ हे अर्धवट कसं?

---

टूडीइको

@रानवारा, दोन्ही वाढतात, पण एकामुळे दुसरं होतं असं नाही. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी पेसमेकरने ७० वरून ११० केली तर मिनिटाचा प्रवाह फारसा हलत नाही. दर ठोक्याला रक्त कमी भरतं आणि कमीच बाहेर पडतं. व्यायामात चालत्या स्नायूंच्या धमनिका उघडतात, पोटऱ्या-मांड्या शिरांना पिळतात, दीर्घ श्वासाने छातीतला दाब खाली जाऊन रक्त वर ओढलं जातं, पोटातल्या शिरा आवळतात. रक्त धावत परत येतं आणि ते सांभाळायला नाडी वाढते. सराव नसलेला धडधाकट माणूस असा मिनिटाला २० लिटरपर्यंत जातो. मेंदूचा वाटा मात्र बसलेला असताना पाऊण लिटर आणि धावतानाही जवळपास तेवढाच.

नाडी फार वाढली तर उलट तोटा. १५० ला एका ठोक्याला ०.४ सेकंद मिळतो. आकुंचनाचा वेळ थोडाच आखडतो, सगळी काटछाट भरण्याच्या वेळात होते, तो ०.२ सेकंदाच्याही खाली येतो. आणि डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः याच सैल वेळात मिळतं. आकुंचनाच्या वेळी तो स्नायू आपल्यातून जाणाऱ्या कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) फांद्याच दाबून टाकतो, आतल्या थरात तर सर्वांत जास्त. शिवाय हा स्नायू आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन एरवीच काढून घेतो. जास्त हवा असेल तर जास्त रक्त आणण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. कोरोनरी अरुंद असलेल्याला जिना चढताना छातीत दडपण येतं आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जातं, त्यामागे हे गणित आहे. बीटा-ब्लॉकर नाडी कमी करतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी: मागणी घटते आणि पुरवठ्याचा वेळ वाढतो.

---

शून्यबिंदू

लेख चांगला आहे, पण ‘हृदयाबाहेर ठरतं’ हे निरोगी हृदयापुरतंच खरं, हे ठळक लिहायला हवं होतं. वाचणारे बरेच जण रुग्ण किंवा त्यांच्या घरचे असतात.

हृदय कमकुवत झालं की स्टार्लिंगचा तो ‘जास्त ताण, जास्त रक्त’ असा वाढता आलेख सपाट होतो. ताण वाढवला तरी बाहेर पडणारं रक्त वाढत नाही, आणि मागे तुंबतं ते वेगळंच. इथे मूत्रपिंडाची गफलत होते. आपल्याकडे रक्त कमी येतंय एवढंच त्याला कळतं. रक्तस्राव झालाय की पंप दमलाय, हा फरक त्याला करता येत नाही. दोन्ही वेळा ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. रक्तस्रावात त्याने जीव वाचतो, हार्ट फेल्युअरमध्ये तेच पाणी फुफ्फुसात आणि पायात उतरतं.

म्हणून अशा रुग्णाच्या घरी बीपीच्या यंत्राइतकाच वजनकाटा महत्त्वाचा. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्याआधी, तेवढ्याच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर, फरशीवर ठेवून (गादीवर किंवा सतरंजीवर नको). तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते जेवणाने वाढलेलं नाही, पाणी आहे. पायावर बोट दाबून खड्डा पडेपर्यंत थांबू नका, बऱ्याच जणांत तोवर काही लिटर साचलेलं असतं. दुसरी खूण उशांची: आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे येतं, दम लागतो. एका उशीवर झोपणारा माणूस आठवड्यात तीन उशांवर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी एकदम बंद करणे आणि ‘वरून मीठ घेत नाही’ म्हणत रोज पापड, लोणचं, शेव-फरसाण खाणे, ही बिघडण्याची दोन नेहमीची कारणं.

---

टूडीइको

@शून्यबिंदू, मान्य. त्या वाक्यात ‘निरोगी’ शब्द होता, पण नजरेतून सुटण्यासारखाच होता.

---

काकूबाई_डोंबिवली

सूज निघालीच आहे तर विचारते. ॲम्लोडिपिन (बीपीची गोळी) सुरू झालं की काही जणांच्या घोट्यावर सूज येते, ती किडनी बिघडल्याची खूण का? आणि त्यावर लघवीची गोळी दिली तरी उतरत नाही, असं का?

---

पाटीपेन्सिल

@काकूबाई, खूण किडनीची नाही आणि गोळीने न उतरण्याचं कारण याच धाग्यात वर दडलेलं आहे.

ॲम्लोडिपिन केशवाहिनीच्या आधीची धमनिका सैल करतं, नंतरची शीर जवळजवळ तशीच ठेवतं. येणारी वाट रुंद, जाणारी जुनीच. मधल्या केशवाहिनीत दाब चढतो आणि पाणी भिंतीतून बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. म्हणून लघवीची गोळी इथे निरुपयोगी. उलट सोडियम-पोटॅशियम खाली आणून चक्कर आणायची.

ही सूज दोन्ही पायांवर असते, संध्याकाळी वाढते, रात्री झोपून उठलं की बरीच उतरते. दम नाही, वजनात मोठी वाढ नाही. ५ मिग्रॅपेक्षा १० मिग्रॅला जास्त दिसते. उपाय डॉक्टरांनीच करायचा, पण ठरलेला आहे: डोस कमी करणे किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडणे. ती शिरेची बाजूही थोडी सैल करते, त्यामुळे केशवाहिनीतला दाब उतरतो. बीपीची गोळी मनाने बंद करू नये.

एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी, गरम, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवा. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. पाय चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या.

---

रानवारा

आणि नुसतं उभं राहून येणारी सूज? दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहिलेल्यांचे पाय टम्म होतात, कुणी कुणी चक्कर येऊन पडतातही.

---

पाटीपेन्सिल

दोन्ही एकाच गोष्टीची करामत आहे, उंचीची. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिमी दाब असतो, कारण हृदयापर्यंतचा रक्ताचा स्तंभ तिच्यावर उभा असतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू खोल शिरा पिळतो, झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत, आणि तोच दाब ३० च्या खाली येतो. चालणारा वारकरी आणि बारीत खिळलेला माणूस, दोघांचे तास तेवढेच असले तरी पायांवरचा भार सारखा नसतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब उतरत नाही. मग शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होते आणि शेवटी जखम होते.

चक्कर: उभं राहताक्षणी ५०० ते ७०० मिली रक्त पाय-पोटाच्या शिरांत उतरतं. परत येणारं रक्त घटलं की ठोका लहान होतो. मानेतल्या कॅरॉटिड धमनीच्या फुगीर भागात आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. ते दोन-तीन ठोक्यांत कामाला लागतात, नाडी वाढते, वाहिन्या आवळतात. जुना मधुमेह, वय, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनसारखी गोळी, लघवीची गोळी, नायट्रेट (सॉर्बिट्रेटसारख्या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या) यांनी ही प्रतिक्रिया मंद होते. तपास घरी होतो: पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. जवळ एक माणूस असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती खरी तक्रार आहे. भरपेट जेवणानंतर तासाभराने हीच तपासणी आणखी बोलकी ठरते, कारण तेव्हा आतडंही रक्त मागत असतं.

बारीत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर घेऊन मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, किंवा सरळ उकिडवे बसा. पडलेल्या माणसाला उभं करायची घाई करू नका. लोक नेमकं तेच करतात. दोघे काखेत हात घालून त्याला सरळ धरून ठेवतात आणि मेंदूला रक्त पोहोचूच देत नाहीत. आडवाच राहू द्या, पाय उचला.

---

शून्यबिंदू

उंचीचा विषय निघाला म्हणून. घरच्या बीपी यंत्राच्या निम्म्या चुका याच आहेत. रक्ताच्या १ सेंमी उंचीला ०.७७ मिमी पारा. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली असेल तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो. हात मांडीवर ठेवून घेतलेलं ‘१४२’ म्हणजे टेबलावर घेतलेलं १३४ असू शकतं, आणि तेवढ्यावर गोळी वाढते. मनगटावरच्या यंत्रात तर हात कुठे धरला, यावरच सगळं.

पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. बऱ्याच यंत्रांबरोबर २२ ते ३२ सेंमीचा पट्टा येतो. टेपने घेर मोजा, ३४ निघाला तर मोठा पट्टा वेगळा मागवा. बाही वर सरकवून तिचा फास करू नका, सदरा काढा.

अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही तळवे जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. मोजताना बोललं तर वरचा आकडा १० ने सहज चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस टाकून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा जास्त म्हणजे वाढलेलं. दवाखान्यात ही मर्यादा १४०/९० धरतात. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर घ्या, पुढे ज्याचा आकडा जास्त तोच दंड कायम. सतत १५ च्या वर फरक असेल तर डॉक्टरांना सांगा, एका बाजूची धमनी अरुंद असू शकते.

---

कोल्हापुरी_तांबडा

व्हॉट्सॲपवर फिरतंय, छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली आणि जोरजोरात खोकायचं. घरात ठेवावी का?

---

टूडीइको

खोकण्याचं सोडून द्या. हार्ट अटॅक म्हणजे कोरोनरी तुंबणे, माणूस शुद्धीवर असतो. खोकून गुठळी हलत नाही आणि वेळ जातो. हृदय बंद पडणे वेगळं, तिथे माणूस काही सेकंदांत कोसळतो, मग खोकणार कोण? त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबायचं आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. अर्धवट सोडली तर हृदय भरत नाही. परत आलेलं रक्तच पुढे जातं, हा नियम इथेही सुटत नाही.

सॉर्बिट्रेट मुख्यतः शिरा सैल करते. परतणारं रक्त कमी, जवनिका कमी ताणली जाते, ऑक्सिजनची मागणी घटते. ठरावीक रुग्णाला, डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर, बसून घ्यायची. उभ्याने घेतली तर चक्कर येते. पण अटॅक उजव्या जवनिकेचा असेल तर ती बाजू केवळ भरण्याच्या दाबावर तग धरून असते, आणि या गोळीने बीपी धाडकन कोसळतं. महाधमनीची झडप खूप अरुंद असेल तरी तेच. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) २४ तासांत किंवा त्याच जातीचं टॅडालाफिल ४८ तासांत घेतलेलं असेल तर अजिबात नको. बाहेरून यातलं काहीच कळत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी नको.

दडपण, घाम, डावा हात किंवा जबड्यात कळ असं पाच मिनिटांत ओसरलं नाही तर १०८. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल आणि तोंड वाकडं होणे, हात लुळा पडणे असली पक्षाघाताची लक्षणं नसतील तर ३००-३२५ मिग्रॅ ॲस्पिरिन चावून खा. मधुमेह्याला कळ न येता नुसता दम आणि घाम येऊ शकतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. स्नायू आतल्या थरापासून बाहेर मरत जातो आणि सुरुवात अर्ध्या तासाच्या आत होते; ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ यात सगळ्यात जास्त स्नायू जातो.

---

रानवारा

अवांतर होईल, पण हृदय बाहेरच्या सूचनांवर एवढं चालतं तर बदललेलं हृदय कसं चालतं? त्याच्या नसा तर कापलेल्या असतात.

---

पाटीपेन्सिल

अवांतर कसलं, सगळ्या धाग्याचा पुरावाच तो. ठोका हृदयातच जन्मतो, उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या कप्प्यातल्या) सायनस गाठीत. ती मोकळी सोडली तर मिनिटाला १०० च्या आसपास धावते. एरवी मेंदूकडून येणारी व्हेगस नस तिला ७० वर धरून ठेवते. रोपण केलेल्या हृदयाला तो लगाम नसतो, म्हणून बसल्या जागी नाडी ९० ते ११०. उठून चालायला लागलं तर ती लगेच वाढत नाही, रक्तातून ॲड्रिनॅलिन पोहोचायला काही मिनिटं लागतात. तोवर जास्तीचं काम स्टार्लिंगच सांभाळतो: पोटऱ्यांनी रक्त वर पाठवलं, जवनिका ताणली, ठोका मोठा झाला. म्हणून या रुग्णांना व्यायामाआधी दहा मिनिटं हळू चालायला आणि संपल्यावरही हळूहळू थांबायला सांगतात. कोरोनरी तुंबली तरी त्यांना बहुधा छातीत दुखत नाही, त्यामुळे ठरलेल्या तपासण्या चुकवून चालत नाही.

भारतात मानवी हृदयरोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केला, जगातल्या पहिल्या रोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी रोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झालं.

---

काकूबाई_डोंबिवली

सूज कळली, आभार. शेवटचा प्रश्न: नाडी अनियमित असली तर घरचं यंत्र विश्वासाचं का? स्क्रीनवर हृदयाचं चित्र लुकलुकतं.

---

शून्यबिंदू

एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये (कर्णिका नुसत्या थरथरतात आणि नाडी अनियमित होते तो विकार) भरायला मिळणारा वेळ दर ठोक्याला वेगळा, म्हणून बाहेर पडणारं रक्तही वेगळं आणि दाबही. यंत्राला ज्या ठोक्यांवर गाठ पडली त्यांचा आकडा ते देतं. तीन वेळा घेऊन सरासरी काढा. वरच्या आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, खालच्यावर कमी. नाडीसाठी यंत्र बघू नका. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चौपट करू नका. आणि ते चित्र पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल पण ईसीजी कधीच काढलेला नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या. या विकारात कर्णिकेत रक्त साचून गुठळ्या होतात आणि त्या मेंदूत जाऊ शकतात; रक्त पातळ करणारी गोळी लागते का, हे ईसीजीनंतरच ठरतं.